देवाला सांगितलं, लेकराला कधी सांगणार?

एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

"आदरणीय ताई, आमचं घर प्रार्थनेचं घर आहे. रोज रात्री आम्ही चौघं एकत्र बसतो, वचन वाचतो, प्रार्थना करतो. लग्न झाल्यापासून हा नेम मोडलेला नाही. मागच्या महिन्यात प्रार्थना संपली आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, 'आई, तू देवाशी बोलतच नाहीस. तू देवासमोर माझ्या चुकांची यादी वाचतेस.' मी खूप रागावले. तेव्हापासून तो प्रार्थनेला बसतो, पण डोळे उघडे ठेवून. त्या रात्री मी काय म्हटलं होतं, ते आठवून पाहिलं. 'प्रभू, हाती घेतलेलं तडीस न्यायची बुद्धी याला दे,' एवढंच. यात खोटं काय होतं? त्याने गाणं शिकणं सोडलं, पोहणं सोडलं, आता चर्चच्या तरुणसंघातही जात नाही.

"मिस्टरांचा व्यवसाय दोन वर्षांपूर्वी बंद पडला. आता नोकरी करतात, पण ते पहिले राहिले नाहीत. घरी आले की गप्प बसतात. मी रोज सांगते, विश्वास धरा, असं बसून कसं चालेल? धाकटी नऊ वर्षांची, तिची तक्रार नाही.

"माझ्या वडिलांनी मला कधी शाबासकी दिली नाही. कौतुकाने मूल बिघडतं, असं ते म्हणायचे. आणि मी बिघडले नाही. आता पाळकसाहेब उपदेशात सांगतात की एकमेकांना उत्तेजन द्या. म्हणजे चुकांवर पांघरूण घालायचं का? आणि एक विचारते, राग मानू नका. मी सगळ्यांना उत्तेजन देत बसायचं, तर मला कोण देणार?"

प्रिय भगिनी,

राग कशाचा? तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी मुलाच्या बोलण्यापाशी जरा थांबू या.

तो उद्धटपणे बोलला असेल. पण जे बोलला, ते बोलायला मोठ्यांचीही जीभ रेटत नाही. घरच्या प्रार्थनेत आपण देवाशी बोलतो आणि ज्याच्याविषयी बोलतो तो हातभर अंतरावर बसलेला असतो. तोंड देवाकडे आणि बोल मुलाला. माझ्या हातूनही हे झालं आहे, एकदा नव्हे, कितीतरी वर्षं. त्यातलं सगळ्यात वाईट काय, तर त्या मुलाला उत्तर देता येत नाही. तुम्ही त्याला समोर बसवून रागावलात, तर तो निदान आपली बाजू मांडेल, चिडेल, पाय आपटून निघून जाईल. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना त्याने काय करायचं? वर शेवटी 'आमेन' त्यालाच म्हणायचं. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर स्वतःच सही केल्यासारखं. आता तो डोळे उघडे ठेवतो, त्याचा अर्थ देवाकडे पाठ फिरवली असा मी घेत नाही. आपल्यावर पुन्हा वार होणार नाही ना, याच्यावर तो नजर ठेवून आहे.

चूक कुठे दाखवायची, हे प्रभू येशूने सांगून ठेवलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पंधरावं वचन काढा. भावाने अपराध केला तर तू आणि तो दोघंच असताना त्याला सांग. बहिणीच्या आणि बापाच्या देखत नाही. प्रार्थनेच्या आडून तर नाहीच नाही.

'यात खोटं काय होतं?' असं तुम्ही विचारता. खोटं काहीच नव्हतं. पण इफिसकरांस पत्रात येशूचा प्रेषित पौल लिहितो की तुमच्या तोंडून गरजेप्रमाणे उन्नतीकरता जे चांगलं तेच निघो. त्यातला 'गरजेप्रमाणे' हा शब्द मी बरीच वर्षं वाचून पुढे जात होते. बोललेलं खरं आहे का, एवढंच मी पाहायची. ऐकणाऱ्याला आत्ता कशाची गरज आहे, हे पाहायचंच राहून जायचं.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांची उन्नती करा, असं अकरावं वचन आहे. पाळकसाहेबांनी बहुधा तेच घेतलं असेल. तुम्ही आणखी तीन वचनं पुढे जा. तिथे पौल माणसं वेगवेगळी करून सांगतो. अव्यवस्थित वागणाऱ्यांना ताकीद द्या, अल्पधीराच्या लोकांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सहनशीलतेने मात्र सगळ्यांशीच वागा. माणसं तीन प्रकारची, औषधंही तीन. ताकीद शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहेच, तिला कुणी हद्दपार केलेलं नाही. पण तुमच्या घरी एकाच बाटलीतलं औषध सगळ्यांना चाललंय. तुमचे मिस्टर आळशी आहेत असं मला पत्रातून कुठे दिसलं नाही. उभं केलेलं काम बुडाल्यावर दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी धरणारा आणि ती टिकवणारा माणूस आळशी नसतो, त्याचा धीर गेलेला असतो. त्याला 'असं बसून कसं चालेल' हे आळशाचं औषध रोज पाजलं, तर तो आणखी बसेल.

एलीयाची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. एकदा फक्त देव त्याच्याशी कसा वागला, तेवढ्यासाठी वाचा. 1 राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि परत झोपतो. त्याच्यावर कुणी ओरडत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श, पुन्हा खायला, आणि सोबत हे बोल, की तुला पुढचा प्रवास झेपायचा नाही. 'तुझा विश्वास कुठे गेला' हा शब्दसुद्धा नाही. देवाचा प्रश्न येतो, पण तो नंतर, होरेब डोंगरावर, एलीया चालून आल्यावर. तोही कसा, तर 'तू येथे काय करतोस?' असा, माणसाला बोलतं करणारा.

तेव्हा काही दिवस मिस्टरांना विश्वासाविषयी एक अक्षर सांगू नका. नुसतं जवळ बसा. 'तुमच्या मनाविरुद्ध असलेल्या कामावर तुम्ही रोज वेळेवर जाता, ते मी पाहते,' एवढं एकदा म्हणा आणि गप्प राहा. ते काही बोलणार नाहीत, म्हणून लगेच पुढे बोलू नका. एवढं मात्र पाहा. झोप उडणं, भूक मरणं, कशातच जीव न रमणं, असं दिवसचे दिवस, दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा तोंडी आली, तर त्याच दिवशी न्या. यात विश्वास कमी पडला असं मुळीच होत नाही. पौलाच्या प्रवासात सोबत असलेला लूक वैद्यच होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

आता 'पांघरूण घालायचं का' हा प्रश्न. उत्तेजन म्हणजे गोड बोलणं, हा समज पुष्कळांचा आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत एक शब्द आहे, पाराक्लेसिस. कुणाला तरी आपल्या बाजूला बोलावणं, असा त्याचा गाभा. मराठी शास्त्रात तो कुठे बोध होऊन येतो, कुठे सांत्वन, कुठे उत्तेजन. एकाच मराठी शब्दात तो मावला नाही. त्याच कुळातला दुसरा शब्द योहानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्यासाठी आला आहे आणि तिथे आपण त्याला 'कैवारी' म्हणतो. मला हा मराठी शब्द फार आवडतो. कैवार घेणं म्हणजे काय, ते आपल्या लहान मुलांनाही कळतं. कैवारी चूक लपवत नाही. तो पवित्र आत्मा तर पापाविषयी जगाची खात्री पटवतो, असं पुढे सोळाव्या अध्यायातच आहे. पण तो तुमच्या बाजूला उभा राहून ती पटवतो. तुमच्या मुलाला आई समोरच्या बाजूला उभी दिसते आणि शेजारची जागा रिकामी. एवढंच तो सांगतोय.

सोडून दिलेल्या गोष्टींची त्याची यादी वाचताना मला मार्क आठवला. योहान म्हटलेला मार्क. पौल आणि बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीला निघाले तेव्हा हा पोरगा बरोबर होता. पंफुल्यातल्या पिर्गा गावी पोचल्यावर त्याने साथ सोडली आणि यरुशलेमेला परतला. का, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात लूकाने लिहिलेलं नाही. पुढे दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ. पौल म्हणाला, ज्याने अर्ध्यात सोडलं त्याला नको. या एका मुलावरून दोघांत इतकी तेढ पडली की ते वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला, म्हणजे सायप्रस बेटावर, गेला.

पौल खोटं बोलत होता का? नाही. मार्काने सोडलं होतंच. तुमच्या प्रार्थनेसारखंच, सगळं खरं. पण बर्णबाने त्याच मुलाला जहाजात शेजारी घेतलं. तो त्याचा भाऊबंद होता, ही गोष्ट कलस्सैकरांस पत्रात सहज येऊन जाते. घरच्याच माणसाने कैवार घेतला. आणि कित्येक वर्षांनी, मरणाच्या दारात बसून लिहिलेल्या पत्रात तोच पौल तीमथ्याला सांगतो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. आपण ज्याला मार्काचं शुभवर्तमान म्हणतो, ते परंपरेने याच पोराच्या नावावर आहे. कुप्राच्या त्या प्रवासात काय काय झालं, याचं एक वाक्यही शास्त्रात नाही. तो काळ असाच, कुणाला न दिसता गेला. तुमचाही जाईल. महिनाभर गोड बोलून पाहिलं, काही फरक नाही, असं मला पुढच्या महिन्यात लिहू नका.

त्याने गाणं का सोडलं, हे तुम्ही त्याला विचारलंय का? ठपका ठेवायला नाही, खरंच जाणून घ्यायला. पत्रात तो काय काय सोडतो ते आहे. का सोडतो, याचा एक शब्द नाही. काही मुलं चुकण्याच्या भीतीने सोडतात. पूर्ण केलं की कुणीतरी तपासणार, त्यापेक्षा अर्धवट बरं.

मला माझ्या आईविषयी सांगायचं आहे. तीही तुमच्या वडिलांसारखीच. प्रेमळ, कष्टाळू, पण तोंडावर कधी कौतुक नाही. मी शिक्षिका झाले, त्या दिवशी 'बरं झालं' एवढंच म्हणाली. ती गेल्यावर तिचं शास्त्र माझ्याकडे आलं. कव्हर निघालेलं, कडेने पिवळं पडलेलं. एका दुपारी फिलिप्पैकरांस पत्र उघडलं. पहिल्या अध्यायातलं तिसरं वचन, जिथे पौल म्हणतो की तुमची आठवण होते तेव्हा तेव्हा मी आपल्या देवाचे आभार मानतो. त्या वचनाच्या शेजारी बारीक पेन्सिलीने माझं नाव लिहिलेलं होतं. इतक्यांदा बोट फिरलं होतं की नावातलं पहिलं अक्षर पुसट झालं होतं. मी ते पान मांडीवर घेऊन किती वेळ बसले, मला आठवत नाही. आनंद झाला, आणि तितकंच रडू आलं. देवाला तिने रोज सांगितलं होतं. मला एकदाही नाही.

ते वचन मी त्यानंतर वेगळं वाचायला लागले. पौलाने फिलिप्पैकरांसाठी देवाचे आभार मानले आणि मग 'मी तुमच्यासाठी आभार मानतो' हे त्यांना लिहून कळवलं. तो तुरुंगात होता, तरी हे कळवायचं त्याने ठेवलं नाही.

म्हणून तुमचा रात्रीचा नेम मोडू नका. तो तुमच्या घराचा ठेवा आहे. फक्त त्यातली एक गोष्ट बदला. घरातल्या कुणाच्याही सुधारणेची मागणी एकत्र प्रार्थनेत करायची नाही. ती तुमच्या खोलीत, दार लावून, देवापाशी करा, हवी तितकी करा. चौघं बसाल तेव्हा प्रत्येकासाठी आभार माना, आणि तेही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीसाठी. 'माझ्या गुणी मुलासाठी आभार' असं मोघम म्हटलंत तर त्याला ते लगेच कळेल. 'आज बहिणीला गणित समजावताना तो तीन वेळा पहिल्यापासून सांगत होता, त्याबद्दल आभार' असं म्हणा. असं म्हणायला दिवसभर पाहावं लागतं. पहिले काही दिवस तुम्हाला आठवूनही काही सापडणार नाही. तो दोष मुलाचा नसेल, आपल्या नजरेला ती सवय नसते.

त्याआधी एक अवघड काम आहे. त्याची माफी मागा. दोघंच असताना. 'मी प्रार्थनेच्या नावाखाली तुला बोलले, ते माझं चुकलं.' याच्यापुढे 'पण' आला तर माफी गेली. तो कदाचित खांदे उडवून निघून जाईल. जाऊ द्या.

कौतुकाने मूल बिघडतं, या वडिलांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली शाळकरी मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं पुढे कठीण कोडं अडलं की लवकर हिरमुसली. 'तू मेहनत केलीस' असं ऐकलेली मुलं झटत राहिली. म्हणजे कौतुक कशाचं करतो, त्याला महत्त्व आहे. मुलाला मखरात बसवणारं कौतुक खरंच जाचक होतं, मग ते मखर सांभाळण्यातच त्याचा जीव जातो. पण बापाने गप्प राहणं हा त्याच्यावरचा इलाज नव्हे. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, नाहीतर ती खिन्न होतील, असं कलस्सैकरांस पत्रात स्पष्ट लिहिलं आहे.

तुम्ही बिघडला नाहीत, हे खरं. खिन्न झाला नाहीत का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि धाकटीचं. दोन पानी पत्रात तिच्या वाट्याला जेमतेम सहा शब्द आले आहेत. तक्रार नाही म्हणून तिच्याविषयी लिहायला काही नाही. आपल्या घरांत शहाण्या मुलांची हीच गत होते. चुका करणाऱ्याला निदान बोलणी तरी मिळतात. आज रात्री पहिले आभार तिच्यासाठी माना.

आता तुमचा प्रश्न, मला कोण देणार? यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू पाण्यातून वर आला, तेव्हा आकाशातून वाणी झाली, 'तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.' तोवर काय झालं होतं त्याच्या हातून? मार्काचं शुभवर्तमान त्या क्षणी नुकतंच सुरू झालेलं आहे. ना चमत्कार, ना उपदेश, ना एक शिष्य. लूक सांगतो की तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. पित्याची शाबासकी कामाच्या आधी आली, आणि काम तिच्या बळावर झालं. तुम्ही आजवर उलट्या क्रमाने जगत आलात. आधी सगळं नीट करायचं, मग कुणीतरी बरं म्हणेल. वडील म्हणाले नाहीत, म्हणून तुम्ही आणखी नीट करत गेलात, आणि घरातल्यांकडूनही तेवढंच नीट मागत गेलात. ख्रिस्तामध्ये तुम्हीही त्या पित्याची मुलगी आहात. ही वाणी एकदा स्वतःच्या नावाने, हळू आवाजात वाचा. मला पहिल्यांदा ती पुरी वाचवली नव्हती. आवाज अडकला होता.

आणि देवाकडून मिळतंय म्हणून माणसाकडून नको, असं समजू नका. राजपुत्र योनाथान रानात लपलेल्या दाविदाकडे स्वतः चालत गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला, असं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दाविदाला देव पुरेसा नव्हता असं नाही. देवानेच योनाथानाला पाठवलं. चर्चमध्ये अशी एखादी वयस्क बहीण असेल, जिच्यापाशी तुम्ही हे पत्र वाचून दाखवू शकाल. तिच्याकडे जा. मिस्टरांनाही सांगा की मी दमले आहे. धीर गेलेल्या माणसाला कुणीतरी आपला आधार मागतंय, हे ऐकूनही कधी कधी उठावंसं वाटतं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाचं ते झोंबणारं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत. मऊ केलं नाहीत, आपल्या बाजूने वळवलं नाहीत. रागावल्यानंतर एकट्या बसून आपले शब्द आठवून पाहिलेत. हे फार थोड्या आयांना जमतं, मला पुष्कळ उशिरा जमलं. आज रात्री मी तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहे, आणि त्यात काय म्हणेन ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. प्रभू, जिने आपल्या मुलाचं बोलणं विसरून न जाता लिहून काढलं, त्या आईबद्दल मी तुझे आभार मानते.

तुमची ताई